वार्तेचे वाहक

हिंगोली शहरातील गड्डेपीर गल्लीत विघ्नहर्ता चिंतामणी गणपतीचे जे देवस्थान आहे, तेथे अनंत चतुर्दशीला नवसाचा मोदक घेण्यासाठी आदल्या रात्रीपासून रांगा लागतात, आणि दुसरा दिवस मावळेपर्यंत त्या रांगांतून पुढे सरकलेल्या भाविकांची संख्या लाखांच्या घरात जाते. ही मंडळी केवळ परभणी, नांदेड, वाशीम अशा लगतच्या जिल्ह्यांतली नसतात. परप्रांतांतूनही कुटुंबेच्या कुटुंबे त्या दिवशी हिंगोलीत उतरतात. मनात इच्छा धरून प्रसादाचा एक मोदक घरी न्यावा, आणि ती इच्छा फळाला आली म्हणजे अधिक मोदक घेऊन देवाच्या दारी परत यावे, असा येथील प्रघात आहे. श्रद्धेचा भाग श्रद्धावंतांच्या अंतःकरणाकडे सोपवून या प्रघाताच्या केवळ लौकिक रचनेकडे पाहिले, तरी ती मोठी विचार करण्यासारखी वाटते. घरी नेलेला मोदक देव्हाऱ्यात असतो, आल्यागेल्याची दृष्टी त्याच्यावर पडते, विचारपूस होते आणि हकीकत सांगितली जाते. ज्याची इच्छा पूर्ण होते तो तर आपला अनुभव चार घरी सांगितल्यावाचून राहतच नाही. आणि पुढल्या वर्षी तो परतून येतो तेव्हा त्याच्यासोबत शेजारी, सोयरे, एखादी सासुरवाशीण भाची असे नवे भाविक असतात, ज्यांच्या हाती पुन्हा एकेक मोदक पडतो. एका जिल्ह्याच्या गावातील एका गल्लीचे नाव इतक्या दूरवर जाते ते जाहिरातीच्या फलकांमुळे नव्हे, तर जो येऊन गेला तोच पुढच्याला आणतो म्हणून.

आजच्या व्यापारी जगात ज्याला व्हायरल मार्केटिंग म्हणतात, त्याचे तत्त्व याहून निराळे नाही. आपल्या मालाची, संस्थेची किंवा संकेतस्थळाची वार्ता आपण स्वतः गावोगाव सांगत न फिरता, ती अशा रूपाने पहिल्या काही लोकांच्या हाती द्यायची की त्यांनी ती आपण होऊन पुढच्यांना द्यावी, पुढच्यांनी त्यांच्या पुढच्यांना द्यावी, आणि या परंपरेने संकेतस्थळावर पाहुणे येत राहावेत, एवढीच ही कल्पना आहे. कल्पना सांगायला सोपी असली तरी अमलात आणायला अवघड आहे. आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे जाहिरातीवर खर्चायला पदरी पैसा थोडा आणि सांगण्यासारखा माल मात्र विपुल, तेथे ती नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हा माल म्हणजे मुख्यत्वेकरून हळद. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा हा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासूनच्या काळात येथील शेतीचा चेहरा बदलण्यात हळदीचा वाटा मोठा आहे. हिंगोली आणि वसमत येथील हळदीच्या बाजारपेठांत हंगामात वाहनांच्या रांगा लागतात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तथापि जो शेतकरी मे-जूनमध्ये बेणे लावतो, आठ-नऊ महिने पिकाची निगा राखतो, खणून काढलेले कंद शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो आणि शंभर किलो ओल्या हळदीतून पाचवा ते चौथा हिस्सा सुकी हळद हाती लागते हे नित्य अनुभवतो, त्याचे नाव बाजारातील बिटानंतर त्या मालापासून कायमचे तुटते. पुण्या-मुंबईची गृहिणी डब्यात हळद भरते तेव्हा ती कोणत्या शिवारातून आली हे तिला ठाऊक नसते. हे तुटलेले नाते जोडावे या इच्छेने आता अनेक ठिकाणचे शेतकरी-उत्पादक गट आणि शिकलेले तरुण आपली हळद दळून, पाकिटांत भरून, स्वतःचे संकेतस्थळ काढून विकू पाहतात. संकेतस्थळ उभे राहते, त्यावर शेताची छायाचित्रे चढतात, आणि मग महिनोन्‌महिने तेथे कोणी फिरकत नाही. अशा उद्योगी माणसांची निराशा मला फार लागते, कारण दोष बहुधा त्यांच्या मालात नसतो आणि परिश्रमांतही नसतो; वार्ता कशी चालते याची माहिती त्यांना कोणी दिलेली नसते.

पूर्वी गावात वार्ता पसरण्याच्या दोन वाटा होत्या. एक दवंडीची: डफ वाजला, कोतवालाने चौकात उभे राहून मजकूर सांगितला, आणि ज्यांच्या कानी तो पडला त्यांच्यापाशी तो संपला. दुसरी पारावरची, पाणवठ्यावरची आणि बाजाराच्या वाटेवरची: तेथे एकाने दुसऱ्याला सांगितलेले दुसरा तिसऱ्याला सांगे, आणि मूळ सांगणारा घरी झोपला असला तरी वार्तेचा प्रवास थांबत नसे. दवंडीला हुकमाची सत्ता होती. पारावरच्या गोष्टीला ओळखीच्या माणसाची साक्ष होती, आणि खरेदीविक्रीच्या व्यवहारात हुकमापेक्षा साक्षीचे मोल नेहमीच अधिक राहिले आहे. वर्तमानपत्रातील किंवा मोबाइलच्या पडद्यावरील जाहिरात ही दवंडीची वंशज होय. पैसे भरावेत तोवर ती वाजते. आपला विषय आहे तो दुसऱ्या वाटेचा.

या वाटेने वार्ता किती दूर जाऊ शकते याचा दाखला शोधायला हिंगोलीकराला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि तेथून निघालेली वाणी पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचून गुरू ग्रंथसाहिबात एकसष्ट पदांच्या रूपाने विराजमान झाली. त्या ऋणानुबंधामुळेच २०१५ साली अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले. तेराव्या-चौदाव्या शतकांत ना छापखाना होता ना टपाल. जे होते ते गळ्यात बसणारे छंद, टाळकऱ्यांनी पुनःपुन्हा उचलायचे ध्रुवपद, आणि अभंगाच्या शेवटच्या चरणात गुंफलेली कवीची नाममुद्रा. या तिसऱ्या गोष्टीकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. अभंग कोणीही गावा, कोणत्याही मुलखात गावा, त्याच्या अखेरीस 'नामा म्हणे' हे उच्चारल्यावाचून तो पुरा होत नाही. कर्त्याचे नाव रचनेला बाहेरून चिकटवलेले नसून तिच्या विणीतच गुंतलेले असते, म्हणून वाणीच्या प्रवासाबरोबर नावाचाही प्रवास अनायासे घडतो. संतांचा हेतू कीर्तीचा नव्हता हे उघडच आहे, आणि त्यांच्या वाणीला व्यापाराच्या पंक्तीस बसवण्याचा माझा मानस नाही. परंतु लोकांच्या मुखाने चालणाऱ्या वस्तूत तिचे मूळ स्थान कसे कोरलेले असावे, याचा इतका निर्दोष नमुना मला दुसरा आढळत नाही.

१९९६ साली अमेरिकेत नेमकी हीच युक्ती एका तरुण कंपनीच्या कामी आली. चंदीगडमध्ये जन्मलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी त्या वर्षीच्या ४ जुलैला हॉटमेल नावाची विनामूल्य ई-मेलची सोय सुरू केली. त्यांना भांडवल पुरवणाऱ्या संस्थेतील टिम ड्रेपर यांनी सुचवले की, येथून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ आपोआप उमटावी आणि असे विनामूल्य खाते आपणही हॉटमेलवर काढू शकता हे तिने वाचणाऱ्याला सांगावे. लोकांच्या खासगी पत्राला आपली ओळ जोडणे कितपत उचित, म्हणून दोघा संस्थापकांनी आरंभी आढेवेढे घेतले. हा संकोच त्यांच्या सभ्यतेला शोभणारा होता. अखेर ओळ जोडली गेली, आणि पत्र पाठवणारा प्रत्येक माणूस नकळत हॉटमेलचा वार्ताहर झाला. भाटियांनी हिंदुस्थानातील एका मित्राला पाठवलेल्या पत्रानंतर काही आठवड्यांतच येथील खातेदार लाखाच्या घरात गेले, असे ड्रेपर सांगत आले आहेत. दीड वर्षात जगभरच्या खातेदारांची संख्या सुमारे एक कोटी वीस लाख झाली, आणि कंपनीचा प्रसिद्धीवरील खर्च पाच लाख डॉलरच्याही आत राहिला. डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे चाळीस कोटी डॉलरला विकत घेतली, आणि त्याच वर्षी ड्रेपर यांचे भागीदार स्टीव्ह जुर्व्हेटसन यांच्या लेखनातून व्हायरल मार्केटिंग ही संज्ञा रूढ झाली.

पत्र पाठवणाऱ्याने हॉटमेलसाठी काही केले नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याने आपले पत्र आपल्या कामासाठी पाठवले. हॉटमेलचे काम त्याच्या कामात सामावलेले होते. संकेतस्थळ चालवू पाहणारे बहुतेक जण याच्या उलट वागतात: आमचे पान उघडा, आवडल्यास पुढे पाठवा, अशी विनंती ते ओळखीच्या सर्वांना करतात, लोक भिडेखातर ती एकदा मानतात आणि दुसऱ्या वेळी संदेश न वाचताच पुसून टाकतात. वार्तेने मला काय मिळेल हा प्रश्न संकेतस्थळाचा मालक स्वतःला रोज विचारतो. ती वाहून नेणाऱ्याला काय मिळेल हा प्रश्न त्याने विचारलेला नसतो, आणि माझ्या मते या विषयातील जवळजवळ सर्व यशापयश या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. वाहणाऱ्याला पैसाच मिळाला पाहिजे असे नाही. आपण जाणते आहोत, आप्तांच्या उपयोगी पडणारे आहोत, आपल्या गावाचा अभिमान बाळगणारे आहोत, हे चार माणसांत दिसावे एवढे मानाचे पानही त्याला पुरते.

आता थोडे गणित. समजा, आपण शंभर माणसांना संकेतस्थळावर आणले, त्यांतील प्रत्येकाने पाच जणांना त्याचा दुवा पाठवला, आणि त्या पाचशेंपैकी दहांत एकाने तो उघडला. नवे पन्नास पाहुणे आले. त्यांनीही तसेच केले तर पुढे पंचवीस, मग बारा-तेरा, असे होत होत ओघ आटतो आणि सर्व मिळून सुमारे दोनशे पाहुणे होतात. परंतु दुवा इतका आकर्षक असला की दहांत एकाऐवजी चारांत एक जण तो उघडू लागला, तर शंभरांमागे सव्वाशे, त्यांच्यामागे एकशे छप्पन असा आकडा चढत जातो आणि दहाव्या फेरीत नऊशेहून अधिक नवे पाहुणे येतात. एका माणसामागे सरासरी किती नवी माणसे येतात हाच या हिशोबाचा गाभा. ती संख्या एकाच्या वर गेली तर वणवा पेटतो, एकाच्या खाली राहिली तर विझतो. मात्र विझणाऱ्या ओघालाही तुच्छ लेखू नये. दर शंभरांमागे ऐंशी नवे आले तरी मूळच्या शंभरांचे शेवटी पाचशे होतात, म्हणजे आपण केलेल्या खर्चाचे फळ पाचपट मिळते. ज्याला वणवा पेटवता आला नाही त्याने हात टेकण्याचे कारण नाही. पन्नासाचे साठ आणि साठाचे ऐंशी करणे हा कष्टाळू माणसाच्या आवाक्यातला उद्योग आहे.

या गणिताला प्रत्यक्षात एक मोठी मर्यादा पडते. आपल्या भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप समूह, शाळासोबत्यांचा समूह, गावाचा आणि तालुक्याचा समूह यांत तीच ती माणसे असतात, त्यामुळे दुवा दहा समूहांत टाकला तरी तो फिरून त्याच डोळ्यांपुढे येतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालच्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवले की नवी माहिती माणसाला निकटच्या मित्रांकडून कमी आणि दूरच्या ओळखीकडून अधिक मिळते, कारण निकटवर्ती आपल्याच वर्तुळात वावरतात. आपल्याकडे हे दूरचे धागे कोणते, ते सांगायला शास्त्रज्ञ नको. परगावी दिलेल्या लेकी, नांदेड-पुण्याला शिकायला गेलेली मुले, नोकरीनिमित्त मुंबईला स्थायिक झालेली कुटुंबे, पंढरीच्या वाटेवर दिंडीत भेटलेली माणसे: हे लोक एका वर्तुळातून दुसऱ्यात पाऊल ठेवणारे आहेत. हिंगोलीतल्या शंभर घरांत फिरलेल्या दुव्यापेक्षा सासरच्या गावी एका लेकीने उघडलेला दुवा पुष्कळदा अधिक पुढे जातो.

लोक काय पुढे पाठवतात, याचाही अभ्यास झाला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जोना बर्गर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या सुमारे सात हजार लेखांचे परीक्षण करून, कोणते लेख वाचक सर्वाधिक संख्येने इतरांना ई-मेलने पाठवतात हे तपासले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की विस्मय, क्रोध आणि चिंता यांसारख्या चित्त खळबळवणाऱ्या भावना माणसाला सांगायला प्रवृत्त करतात, खिन्नता मात्र त्याला मूक करते. जे उपयोगी आणि अनपेक्षित असते तेही पुढे जाते.

विस्मयाचा तुटवडा हिंगोली जिल्ह्याला खचित नाही. औंढ्याच्या नागनाथाचे मंदिर पाहायला येणाऱ्याला नंदी नेहमीप्रमाणे देवासमोर न दिसता मागच्या बाजूस दिसतो, आणि नामदेवांना देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करावयास लावले असता देऊळच त्यांच्याकडे फिरले ही कथा ऐकल्यावर ती न सांगता घरी परतलेला यात्रेकरू विरळाच. त्या कथेला इतकी शतके आयुष्य लाभले याचे एक कारण हेही असावे की तिची खूण डोळ्यांना दिसते. सांगणारा 'जाऊन पाहा' असे म्हणू शकतो. त्याच औंढा तालुक्यात दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारली जात आहे. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म फरक पडला तर तो मोजणारे हे यंत्र. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. एकाच तालुक्यात पुरातन ज्योतिर्लिंग म्हणून पुजले जाणारे स्थान आणि विश्वाच्या कंपनांना कान लावणारे यंत्र, हा योग कोणत्याही मराठी मुलाला सांगावासा वाटेल. आणि औंढ्याला निवासाची, वाटाड्याची किंवा खानावळीची सोय करणाऱ्या एखाद्या तरुणाने केवळ भाड्याचे दर छापण्याऐवजी ही हकीकत नकाशासह, छायाचित्रांसह आणि शुद्ध मराठीत आपल्या संकेतस्थळावर मांडली, तर शिक्षक ती विद्यार्थ्यांना आपण होऊन पाठवतील.

हळदीच्या बाबतीत उपयुक्ततेची वाट अधिक सरळ आहे. हळद पुडीत कृत्रिम रंगाची भेसळ आहे की काय, याची प्राथमिक पारख घरी करण्याची एक रीत भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितली आहे: पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून ठेवावी, शुद्ध हळद तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळे राहते, भेसळ असेल तर पाणी गडद पिवळे होते. हिंगोलीच्या एखाद्या उत्पादक गटाने हा प्रयोग आपल्या शेताच्या बांधावर करून अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत दाखवला, आणि कंदापासून पुडीपर्यंतची सारी कृती आपल्या संकेतस्थळावर सविस्तर दिली, तर ती फीत पुढे पाठवणारी गृहिणी या गटाची जाहिरात करत नसते. ती आपल्या बहिणीच्या स्वयंपाकघराची काळजी वाहत असते. गटाचे नाव त्या काळजीत सामावलेले असते, पत्राच्या तळाशी असलेल्या त्या ओळीसारखे.

याच संदर्भात वर्डल नावाच्या शब्दखेळाची हकीकत सांगितली पाहिजे. जॉश वॉर्डल या अभियंत्याने तो आपल्या जोडीदारासाठी तयार केला, आणि एका साध्या संकेतस्थळावर ठेवला. १ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याचे खेळाडू नव्वद होते; दोनच महिन्यांनी ते तीन लाखांवर गेले, आणि जानेवारी २०२२ अखेर न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. मध्यंतरी घडले ते इतकेच की, आपण शब्द किती प्रयत्नांत ओळखला हे रंगीत चौकोनांच्या जाळीने दाखवण्याची सोय वॉर्डलने खेळात केली. उत्तर फुटत नसे, पण खेळणाऱ्याचे कौशल्य दिसे आणि पाहणाऱ्याचे कुतूहल जागे होई. त्या जाळीसोबत संकेतस्थळाचा दुवासुद्धा नव्हता. तो जोडला तर संदेश जाहिरातीसारखा वाटेल म्हणून वॉर्डलने तो मुद्दाम वगळला, आणि लोक शोधत शोधत तेथे पोहोचले. वाहकाचा मान राखण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पाहुणा दारापर्यंत आल्यावर त्याचे स्वागत कसे होते याविषयी थोडक्यात लिहितो. आपल्याकडील बहुतेक लोक दुवा मोबाइलवर, आणि तोही खेड्यातल्या चंचल नेटवर्कवर उघडतात. पान उघडायला वेळ लागला तर ते मागे फिरतात, म्हणून छायाचित्रे हलकी ठेवावीत. व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवताच त्याच्यासोबत जे लहान चित्र आणि शीर्षक दिसते, ते संकेतस्थळ बनवणाऱ्याला ठरवून देता येते. पुष्कळ संकेतस्थळांवर ती जागा रिकामी किंवा इंग्रजी अक्षरांनी भरलेली आढळते, ही मोठी हयगय होय. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. निरनिराळ्या ठिकाणी पाठवायच्या दुव्यांना निरनिराळी खूण जोडावी, म्हणजे कोणत्या वाटेने किती माणसे आली हे नंतर मोजता येते. आणि पाहुण्यांचा लोंढा खरोखरच आला तर तो सोसण्याची ताकद आपण भाड्याने घेतलेल्या सर्व्हरमध्ये आहे ना, हे आधी विचारून ठेवावे. पहिल्या दिवशीच बंद पडलेल्या दारावर माणसे दुसऱ्यांदा थाप मारत नाहीत.

ज्यांना या मार्गाचे फार आकर्षण वाटते त्यांच्यासाठी एक इशारा आवश्यक आहे. शरद गोयल, डंकन वॉट्स आणि डॅनियल गोल्डस्टीन या संशोधकांनी सात निरनिराळ्या क्षेत्रांतील ऑनलाइन प्रसाराचे नमुने तपासून २०१२ साली दाखवले की, बहुसंख्य गोष्टींचा प्रवास मूळ सांगणाऱ्याच्या पहिल्या पायरीवरच संपतो. लांबलचक साखळ्या अपवादात्मक असतात. ज्याला आपण हातोहात पसरलेली गोष्ट समजतो ती पुष्कळदा एखाद्या मोठ्या वर्तमानपत्राने किंवा लोकप्रिय व्यक्तीने एकाच वेळी लाखो लोकांना सांगितलेली असते. म्हणजे दवंडीच, फक्त डफ दिसत नाही. म्हणून ठरावीक रक्कम घेऊन तुमची चित्रफीत हमखास व्हायरल करून देतो असे सांगणाऱ्यांवर उद्योजकाने विश्वास ठेवू नये. असे वचन कोणालाही प्रामाणिकपणे देता येत नाही.

आणि ज्या गुणांनी वार्ता धावते, त्यांत सत्याची गणना होत नाही, ही गोष्ट मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते. हे पत्र अमुक जणांना लिहून पाठवा, न पाठवल्यास अनिष्ट घडेल, असा धाक घालणारी पोस्टकार्डे एके काळी घरोघर येत, आणि शहाणीसुरती माणसेही मुलाबाळांच्या काळजीने ती नकलून पुढे धाडत. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध प्राशन करीत असल्याची वार्ता काही तासांत देशभर पसरली ती टेलिफोनवरून. त्या काळी मोबाइल क्वचितच कोणाच्या हाती होता. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जे घडले त्याला भोळेपणा म्हणून सोडून देता येणार नाही. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या, मोबाइलवरून पसरलेल्या अफवांनी भयभीत झालेल्या जमावाने, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. ती अफवा पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला बहुधा असेच वाटले असेल की आपण आप्तांना सावध करतो आहोत. उपयुक्तता, चिंता, आपलेपणा, सारी लक्षणे तिच्यात होती. देशभरच्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने हिंदुस्थानात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा निर्बंध आणला. वेग कमी करणे हाच उपाय कंपनीला सापडला; कारण वेगाला खरेखोटे कळत नाही.

म्हणून हळद विकणाऱ्याने कर्करोगापासून मधुमेहापर्यंत सर्व व्याधी आपल्या हळदीने बऱ्या होतात असा मजकूर आपल्या नावाने फिरू देऊ नये, तो कितीही वेगाने धावत असला तरी. हळदीतील कुरकुमीन या घटकावर संशोधन चालू आहे, हळद हे आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे घरगुती औषध आहे, इतके सांगणे खरे आहे. याच्या पुढे गेलेला शब्द एखाद्या रुग्णाला वेळेवर डॉक्टरकडे जाण्यापासून परावृत्त करू शकतो, आणि साखळीत पुढे गेलेला तो शब्द मग कोणाला परत बोलावता येत नाही. इतर बियाण्यांचा किंवा परप्रांताचा माल वसमतच्या मानांकनाखाली विकणेही तसेच. बाजारात एका व्यापाऱ्याला फसवले तर ते एक गिऱ्हाईक जाते. ज्याने ओळखीच्या साक्षीवर दहा घरांत आपला माल पोहोचवला त्याने फसवले, तर साक्ष देणाऱ्या गृहिणीची दहा घरांतील पत जाते, आणि ती पत तिने आयुष्यभर मिळवलेली असते.

हंगामाचाही विचार केला पाहिजे. हिंगोलीची हळद माघ-फाल्गुनात निघू लागते. चैत्र-वैशाखात घरोघरी वर्षाचा मसाला आणि हळद भरण्याची लगबग असते, आणि त्याच दिवसांत लग्नसराई भरात येऊन मांडवामांडवांत हळद लागते. ज्या दिवसांत सारा महाराष्ट्र आपोआप हळदीविषयी बोलत असतो, त्या दिवसांत संकेतस्थळ तयार नसेल तर पुढे जूनमध्ये केलेली धडपड फुकट जाते. तेव्हा पौषातच चित्रफीत तयार असावी, पाने तपासलेली असावीत, आणि ज्यांनी गेल्या वर्षी माल नेला त्या गिऱ्हाइकांची यादी हाताशी असावी. हीच ती पहिली शंभर माणसे. त्यांना पाकिटासोबत शेताचे नाव, काढणीची तारीख, शिजवल्याचा दिवस, पाण्यातील पारखेची रीत आणि संकेतस्थळाचा पत्ता असलेली चिठ्ठी द्यावी, आणि ज्यांच्या घरी लग्न असेल त्यांना मांडवातल्या हळदीसाठी एक लहान पुडी वेगळी, विनामूल्य धाडावी. मांडवात दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी असतात, म्हणजे एका वर्तुळातून दुसऱ्यात जाणारी वाट तेथे उघडीच असते. हळद कुठून आणली, हे तेथे कोणीतरी विचारतेच, आणि उत्तर द्यायला यजमानीणबाईंपाशी हिंगोली जिल्ह्यातील एका शिवाराचे नाव असते.